मलिद्यात दूध नाही, तूपही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत बेने इस्राएलींच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, मलिद्याची (प्रार्थनेच्या वेळी करतात त्या गोड पोह्यांची) कृती आली, हे छानच झाले. पण ‘पोहे दुधात भिजवून वर साजूक तूप सोडावे’ ही ओळ दुरुस्त करावी. मलिद्यानंतरची पंगत बहुधा मटणाची किंवा कोंबडीची असते आणि मांसाबरोबर दूधदुभते कोशरमध्ये, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत, बसत नाही. म्हणून मलिद्याचा ओलावा आणि स्निग्धपणा दोन्ही नारळाचे.

चार वाट्या जाड पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवावेत, भिजत घालू नयेत. दहा मिनिटांनी दाणा बोटांनी दाबल्यावर मोडावा, पण चिकटू नये. पातळ पोह्यांचा हमखास लगदा होतो. मग दोन वाट्या ओले खोबरे (करवंटीलगतचा काळपट भाग नको), वेलदोडा, जायफळ, बेदाणे, बदाम-पिस्त्याचे काप. वाटीभर साखर अगदी शेवटी, कारण आधी घातली की पाणी सुटते. सकाळी कालवून संध्याकाळी वाढण्याचा बेत नको. लग्नसराईच्या उकाड्यात नारळ आंबतो.

मलिद्याबरोबर ठेवलेल्या फळांवर आशीर्वाद म्हणतात, त्याबद्दल छापलेले ‘पाच फळांवर एकच आशीर्वाद’ हेही चूक. खजूर, सफरचंद ही झाडाची फळे. केळे मात्र जमिनीचे पीक धरतात, त्याचा आशीर्वाद निराळा. सुगंधी पाल्याचा आणखी वेगळा. शिवाय हा ‘एलियाहू हन्नाबीला नैवेद्य’ नव्हे. हन्नाबी म्हणजे संदेष्टा. त्याचे स्मरण करतात, प्रार्थना देवाचीच.

अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूचा उरूस ज्यू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येतो. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे कॅलेंडरवरच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच तिथी लागते. कॅलेंडर पाहून त्या तारखेला दुपारी निघणाऱ्याच्या वाट्याला सरता सणच येणार.

राहता राहिली फोटोखालची ओळ. ‘बेने इस्राएलींनी बांधलेले लाल देऊळ’ असे छापले आहे. पुण्याच्या कॅम्पातले ते ओहेल दाविद हे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांनी १८६३ मध्ये बांधायला घेतले आणि १८६७ मध्ये पुरे झाले. १८६४ मध्ये वारलेल्या ससून यांची समाधीही त्याच आवारात आहे. पुण्यातल्या बेने इस्राएलींचे सिनेगॉग रास्ता पेठेत, सुक्काथ शेलोमो, १९२१ चे. पुढच्या वेळी फोटो तिथला घ्यावा.

— एक वाचक, रास्ता पेठ, पुणे