छकुलीस, घरून

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

सहाच्या एसटीनं तू निघाली तेव्हा मी जागाच होतो. आवाज दिला नाही. तुझी आई म्हणे, "जाऊ द्या, रागात आहे." साक्षगंधाच्या मांडवात, चारचौघांत, तुझ्या तोंडावरची पावडर पाहून "तोंडाला लांबी, भिंतीची पुट्टी, भरून राहिली का?" असं मी बोलायला नको होतं. तीस वर्षं भिंती रंगवणाऱ्याच्या तोंडातून दुसरं काय निघते! चुकलो.

पण तू गेल्यावर आरशामागे ती ट्यूब सापडली. डॉक्टरच्या चिठ्ठीत ती नाही, मी दोनदा वाचली. चिठ्ठीत मुरुमांवरचं ॲडापलीन आहे, रात्री, सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं. पोपडे त्यानंच निघतात, पहिले काही आठवडे निघणारच, हे डॉक्टरनं माझ्यासमोर सांगितलं. मग ही दुसरी कुठून आली? बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल लिहिलं आहे. उपकेंद्रातल्या सिस्टरला दाखवली, ती म्हणे स्टिरॉइड आहे. इथली राहिली म्हणून तिकडे नवी घेतली नसशील ना?

ते राहू दे. लिहायला दुसरंच बसलो होतो. परवा दिग्रसला एका पार्लरचं काम होतं. तिथल्या ताईंना विचारलं. हसू नको. त्या म्हणे, पोपड्यावर पावडर मारली की एकेक पोपडा उठून दिसते. आधी ओलसर तोंडाला मॉइश्चरायझर लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग सनस्क्रीन. ताज्या लाल डागावर हिरवट रंग, जुन्या काळपट डागावर नारिंगी, तोही टिकलीएवढा, आणि वरून आपल्या कातडीच्या रंगाचा. बोटानं थापटायचं, घासायचं नाही. मला लगेच पटलं. चुन्याचा पिवळेपणा मारायला आम्ही नीळच टाकतो की. तू चार वर्षांची असताना त्या निळीत हात बुडवून पोळ्याच्या दिवशी ढवळ्याच्या पाठीवर पंजे उमटवले होते. आजी बोंबलली. मी ते धुऊ दिले नाहीत, पावसानं गेले तेव्हाच गेले.

पोपडे ओढू नको. भिंत खरवडून, लांबी भरून पुन्हा उभी करता येते, तोंडाचं तसं नाही. रात्री सगळं धुऊन झोप. बाहेर ४५ डिग्री आहे, दुपट्टा बांधला तरी सनस्क्रीन लाव, चिठ्ठीतल्या औषधानं कातडी उन्हाला नाजूक होते. झालं, पुन्हा भाषण. माफ कर.

ट्यूबचं मात्र सांगतोच. आत्याच्या तोंडाला ऊन बाधते, असं आपण सगळ्यांना सांगतो. ऊन नाही. लग्न जमेना म्हणून रंग उजळायला ती अशीच ट्यूब लावायची आणि यवतमाळहून आणून मीच द्यायचो. दुकानदारानं कधी चिठ्ठी मागितली नाही. पंधरा दिवसांत तोंड काचेसारखं झालं, घरात सगळे खूश. लावणं थांबलं की लाल भडक, आग, पुरळ. पुन्हा लावली की शांत. दोन वर्षांत कातडी इतकी पातळ झाली की गालावरच्या शिरा दिसायच्या. हनुवटीवर लव आली. चुलीसमोर तिला बसवत नव्हतं. मला ती एका शब्दानं बोलली नाही, आजपर्यंत नाही.

लावत असशील तर मनानं एकदम बंदही करू नको, आधी डॉक्टरकडे जा. मी येतो, बाहेर बाकड्यावर बसतो.

सोमवारी मुलाखत आहे. आपल्या घरात अशा खुर्चीसमोर बसणारी तू पहिलीच. डाग झाकून जा, नाहीतर तसेच घेऊन जा, मी काही बोलणार नाही. सनस्क्रीनला पाचशे रुपये टाकले आहेत, आईला सांगू नको.

ट्यूब फेकली नाही, डॉक्टरला दाखवायला ठेवली आहे. अर्धी संपलेली आहे. किती दिवस लावली, तेवढं कळव.

तुझा
बाबा