फ्रान्स-जर्मनीची दोस्ती नुसत्या फोटोने झाली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फ्रान्स-जर्मनीच्या मैत्रीबद्दल कुठेही काही छापून आलं की सोबत एक फोटो ठरलेला असतो, १९८४ सालचा, फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या रणभूमीवर फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल हातात हात घेऊन उभे आहेत तो. फोटो भारी आहे, वादच नाही. १९१६ मध्ये तिथे दहा महिन्यांत दोन्हीकडची मिळून तीन लाखांच्या आसपास माणसं मेली, कोलचे वडील त्याच भागात लढले होते आणि मितराँ १९४० मध्ये तिथूनच जवळ जखमी होऊन जर्मनांच्या कैदेत गेले होते, त्यामुळे बघताना गलबलतं हे खरं. पण फोटो निघाला तोवर दोस्तीला एकवीस वर्षं होऊन गेली होती, आणि ती कशी झाली ते मात्र कुणी नीट लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आमच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की एकजण हमखास म्हणतोच, त्यांचं काय हो, दोघं श्रीमंत, दोघं एकाच धर्माचे, जमणारच त्यांचं. अहो मग १८७०, १९१४ आणि १९४० ला काय धर्म वेगळा होता का? सत्तर वर्षांत तीन मोठी युद्धं केली त्यांनी आणि वर एकमेकांना खिजवायची एकही संधी सोडली नाही. जर्मन साम्राज्याची घोषणा १८७१ मध्ये कुठे केली, तर फ्रान्सच्या व्हर्सायच्या महालात, मग १९१९ मध्ये फ्रान्सने त्याच दालनात जर्मनीला तहावर सही करायला लावली, आणि १९१८ च्या युद्धबंदीची सही ज्या रेल्वेच्या डब्यात झाली तोच डबा हिटलरने १९४० मध्ये म्युझियममधून बाहेर काढून त्याच जागी उभा केला आणि फ्रेंचांकडून सही घेतली. एवढा खुन्नस आपल्याकडे भाऊबंदकीच्या केसमध्येही सापडायचा नाही.

आता मुद्द्यावर येतो. २२ जानेवारी १९६३ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या आणि गंमत म्हणजे राजकारण म्हणून बघितलं तर तो करार काही महिन्यांतच आपटला. द गॉलना जर्मनीला अमेरिकेपासून जरा लांब खेचायचं होतं, पण जर्मन संसदेने मंजुरी देताना स्वतःची एक प्रस्तावना चिकटवली की नाटो आणि अमेरिकेशी आमचं नातं आहे तसंच राहील, शिवाय ब्रिटनलाही युरोपच्या आर्थिक समुदायात घ्या. द गॉल भयंकर वैतागले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आडेनाउअर पायउतारही झाले. म्हणजे ज्या मोठ्या हेतूसाठी एवढा घाट घातला तो बाजूलाच पडला. टिकलं काय, तर करारातली सगळ्यात रटाळ कलमं! राष्ट्रप्रमुखांनी वर्षातून निदान दोनदा भेटायचं, परराष्ट्रमंत्र्यांनी दर तीन महिन्यांनी, त्यांच्या खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दर महिन्याला, लष्करप्रमुखांनी दर दोन महिन्यांनी. पटो न पटो, भांडण असो नसो, भेटायचं म्हणजे भेटायचं. मला तर हे वाचताना सोसायटीच्या मीटिंगची नोटीस वाचतोय असंच वाटलं, पण खरी करामत इथेच आहे असं माझं मत आहे, कारण नेत्यांचं एकमेकांशी जमण्यावर दोस्ती अवलंबूनच ठेवली नाही.

दुसरी गोष्ट पोरांची. त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही सरकारांनी मिळून युवकांसाठी एक ऑफिस काढलं, पैसा दोघांचा निम्मा निम्मा, काम एकच, इकडची पोरं तिकडे आणि तिकडची इकडे पाठवायची, शाळा, खेळाचे क्लब, शिकाऊ कामगार, सगळ्यांमधून. आजवर ९० लाखांहून जास्त तरुण यातून गेलेत. ज्या घरात आजोबा युद्धात गेले त्या घरात जर्मन पोरगा पंधरा दिवस राहायला येतो, जेवतो, भांडतो, आजीला आधी आवडत नाही, हे साठच्या दशकात किती घरांत झालं असेल विचार करा. आणि गावांनी तर सरकारची वाटही बघितली नव्हती, फ्रान्सचं मोंबेलियार आणि जर्मनीचं लुडविग्सबुर्ग यांनी १९५० मध्येच, म्हणजे युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती तेव्हा, आपसात नातं जोडलं.

सगळं गोडगोड आहे असं अजिबात नाही. मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा जर्मनीने फ्रान्सची सीमा जवळपास बंद केली. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गहून ऱ्हाईन नदीवरच्या पुलावरून पलीकडे जर्मनीतल्या केल गावात ट्राम जाते, २०१७ पासून, लोक तिकडे भाजी आणायला जावं तसे जातात, ती एकदम बंद. सीमेलगतच्या सारलँड या जर्मन राज्यात कामाला येणाऱ्या फ्रेंच लोकांना शिव्या खाव्या लागल्या, जर्मन परराष्ट्रमंत्र्यांना जाहीर निषेध करावा लागला. आणि त्याच दिवसांत आल्सास या फ्रान्सच्या सीमाभागातले आयसीयूतले पेशंट उचलून जर्मन हॉस्पिटलांनी आपल्याकडे घेतले. दोन्ही गोष्टी खऱ्या. हे तेच आल्सास, जिथे १८७० च्या आधी जन्मलेल्या आणि दीर्घायुषी निघालेल्या माणसाचा देश घर न बदलता चार वेळा बदलला, फ्रान्स, जर्मनी, फ्रान्स, जर्मनी आणि परत फ्रान्स.

वीजनिर्मितीवरूनही कायम जुंपलेली असते. फ्रान्सची बहुतेक वीज अणुभट्ट्यांतून येते आणि जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद केल्या, त्यामुळे युरोपात ऊर्जेचा कुठलाही नियम करायचा म्हटलं की हे दोघं समोरासमोर. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन्ही मंत्रिमंडळांची ठरलेली एकत्र बैठक नुसती पुढे ढकलली तर केवढा गहजब झाला, मथळे काय, विश्लेषणं काय, दोस्ती संपली म्हणून. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये कराराला साठ वर्षं झाली त्याच दिवशी पॅरिसला बैठक झाली. मीटिंग लांबली हीच मोठी बातमी, यावरून समजा सवय किती मुरलीय ते.

मला काळजी वाटते ती भाषेची. फ्रान्समध्ये जर्मन आणि जर्मनीत फ्रेंच शिकणारी मुलं कमी होत चाललीयेत, भेटली की इंग्रजीत बोलून मोकळी होतात. इकडे पुण्यात शाळेत जर्मन किंवा फ्रेंच घेणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, मार्कांसाठी का होईना, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे तिकडे शिकायला जायचंय आणि त्यांना यातलं फारसं काही माहीत नसतं. तर संपादकसाहेब, येत्या २२ जानेवारीच्या आसपास रविवार पुरवणीत जागा असेल तर त्या युवक ऑफिसवर एक पानभर लेख घ्या, तिथे राहून आलेले मराठी विद्यार्थी तुम्हाला सहज मिळतील, त्यांनाच लिहायला सांगा.

आपला,
एक जुना वाचक, पुणे