व्हीएफडीवरील पंप वारंवार का जळतात?

मा. संपादक यांस,

पुणे परिसरातील अनेक उंच गृहसंस्थांत पाण्याचा दाब समान राहावा म्हणून पंपांना व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे विद्युत उपकरण, म्हणजेच ड्राइव्ह) बसवलेले असतात. त्यावरील मोटार वरचेवर जळू लागली की रिवाइंडिंग (मोटारीतील तारेचे वेढे पुन्हा भरणे) करणाऱ्याला बोल लावून प्रकरण मिटवले जाते, हे योग्य नाही.

व्हीएफडी मोटारीला अतिशय वेगाने चढणारे विद्युत स्पंद देतो. ड्राइव्हचे पॅनेल आणि मोटार यांतील केबल लांब असेल, तर हे स्पंद मोटारीच्या टोकाशी परावर्तित होऊन ४१५ व्होल्टच्या यंत्रणेतही क्षणिक दाब १,००० व्होल्टच्या वर जाऊ शकतो आणि वाइंडिंगच्या सुरुवातीच्या वेढ्यांचे इन्सुलेशन (तारेवरील विद्युतरोधक थर) प्रथम फुटते. अशा वेळी केबल आखूड करणे, ड्राइव्हच्या आउटपुटला स्पंदांच्या चढाचा वेग कमी करणारा डीव्ही-डीटी फिल्टर बसवणे किंवा असे स्पंद सोसणारी इन्व्हर्टर ड्यूटी मोटार घेणे हे उपाय आहेत. तीच मोटार त्याच जागी पुन्हा जोडणे हा उपाय नव्हे. सगळेच वेढे सारखे करपले असतील, तर मात्र ओव्हरलोड किंवा कमी वेगात पंख्याची अपुरी पडणारी हवा तपासावी. बेअरिंगच्या कड्यांवर समान अंतराच्या आडव्या रेषा दिसल्यास मोटारीच्या शाफ्टमधून (फिरत्या दांड्यातून) बेअरिंगमध्ये जाणाऱ्या विद्युत प्रवाहाचा संशय घ्यावा.

मेगर (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावण्यापूर्वी ड्राइव्ह सोडवून घ्यावा, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

गृहसंस्थांनी वार्षिक देखभालीच्या करारातच जळालेल्या मोटारीची छायाचित्रे, केबलची लांबी आणि ड्राइव्हवरील फॉल्टची नोंद लेखी देण्याची अट घालावी.

– एक विद्युत अभियंता, कोथरूड, पुणे