‘ओदालिस्क’ची नायिका पॅरिसची

महोदय,

रविवारच्या पुरवणीत फ्रेंच चित्रकार रेन्वारच्या ‘ओदालिस्क’ (जनानखान्यातील दासी) या चित्राखाली ‘अल्जीरियातील स्त्री’ अशी ओळ छापली आहे, ती दिशाभूल करणारी आहे. १८७० च्या पॅरिसमधील सालों प्रदर्शनात हे चित्र ‘अल्जियर्सची स्त्री’ याच नावाने मांडले गेले, हे खरे. परंतु तो झगझगीत पौर्वात्य पोशाख चढवून ऐसपैस रेललेली स्त्री म्हणजे रेन्वारची नेहमीची फ्रेंच मॉडेल लीझ त्रेओ होय. त्याच्या आधीचा फ्रेंच चित्रकार देलाक्रवा निदान १८३२ साली अल्जियर्सला जाऊन आला आणि मगच, १८३४ मध्ये, त्याने तेथील स्त्रियांचे आपले प्रसिद्ध चित्र प्रदर्शित केले. रेन्वारने मात्र १८८१ पर्यंत अल्जीरिया पाहिलाही नव्हता. रंगांची श्रीमंती निर्विवाद आहे, पण चित्रओळीत मॉडेलचे नाव हवे होते.

– एक वाचक, पुणे