फासकी काढताना घाई नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यात सह्याद्रीतले पाणवठे आटू लागले की उरलेल्या पाण्याकडे जाणाऱ्या वाटांवर फासक्या, म्हणजे जनावर अडकवायचे तारेचे फास, लावल्या जातात. दुचाकीच्या क्लचची तार, सरकती गाठ आणि दुसरे टोक झाडाला, एवढेच सामान. लावणारे सांगतात, डुकरासाठी होती. पण तार निवड करत नाही. भेकर, सांबर, बिबट्याही अडकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार फास लावणे हीच शिकार आहे, प्राणी अडकला नाही तरी.

शोधताना वाटेच्या मधून नव्हे, कडेने चालावे आणि नजर गुडघ्याखाली ठेवावी. मुद्दाम रचलेल्या काटेरी फांद्यांच्या वईत (कुंपणात) एकच फट दिसली, तर आधी तिथेच बघावे. बुंध्याच्या सालीवर तारेचा ओरखडा ही दुसरी खूण.

फासकी सापडली की लगेच तोडू नये. पंचनाम्याआधी तार हलली तर पुरावाच जातो. फोटो व ठिकाण नोंदवून वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. एक सापडली की त्याच ओळीत पुढे आणखी असतात, हे गृहीत धरावे.

जिवंत जनावर दिसले तर लांब थांबून गर्दी हटवावी. हरणवर्गीय प्राणी भीतीने इतके झटापट करतात की स्नायूच निकामी होतात आणि सुटल्यावरही काही दिवसांनी ते मरतात. बिबट्याच्या कमरेत तार रुतली असेल तर बाहेरून जखम किरकोळ दिसते, आत इजा मोठी असते. त्याला पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय सोडू नये, ही वनविभागाला कळकळीची विनंती.

— एक वाचक, चिपळूण