बाद फेरीच्या सामन्याला ‘महायुद्ध’ म्हणू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

फुटबॉलच्या उपांत्य फेरीचा सामना जवळ आला आणि आपल्या क्रीडा पानाची भाषाच बदलली. ‘महायुद्ध’, ‘जुना हिशोब’, ‘बदल्याची आग’, ‘कोण कुणाला गाडणार?’ गेल्या आठवड्यातली शीर्षकं ही अशी. शनिवारी तर दोन्ही संघांच्या जुन्या मारामाऱ्यांची खास चौकट होती. कोणत्या सामन्यात किती लाल कार्डं निघाली, कोणत्या गॅलरीतून दगड आले, सगळं तपशिलवार. उद्या मैदानात उतरणारे अकरा जण कोण, हे मात्र पानभर शोधूनही सापडलं नाही. मी या दोनपैकी एका संघाची लहानपणापासूनची पाठीराखी आहे. माझा थोरला भाऊ समोरच्यांचा. एकाच घरात दोन्हीकडची धाकधूक रोज बघते आहे, म्हणून हे पत्र.

तुमच्या बातम्या वाचून वाटतं की सामन्याआधी पाठीराखे नुसते पेटलेले असतात. खरं सांगते, ते घाबरलेले असतात. लीगमध्ये शेजाऱ्यांकडून हरलो तर मन खट्टू होतं, दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटत नाही, पण गुणतक्ता पुढे सरकतो आणि परतीचा सामना असतोच. बाद फेरीत तसं नाही. सबंध हंगाम कमावलेलं एका संध्याकाळी पणाला लागतं. एक पास चुकला, एक बचावपटू घसरला, पंचांनी एक शिट्टी वाजवली, की खेळ खलास. समोर लांबचा संघ असला तर हरल्यावर टीव्ही बंद करून विषय संपवता येतो. शेजाऱ्यांकडून हरलं की ते दुसऱ्या दिवशी समोर असतातच, कामाच्या ठिकाणी, जिन्यात, लग्नाच्या मांडवात. दादा जिंकल्यावर एक शब्द बोलत नाही. फक्त क्रीडा पान वर येईल अशी घडी घालून पेपर टेबलावर ठेवतो. ते पान ओलांडून मला कामाला जावं लागतं.

सध्या आमच्या बाजूची सगळ्यात मोठी काळजी स्टॉपरची, म्हणजे मधल्या बचावपटूची आहे. आमचा भरवशाचा स्टॉपर उपांत्यपूर्व सामन्यात दुसरं पिवळं कार्ड घेऊन बसला, त्यामुळे तो बाहेर. त्याच्या जागी जो पोरगा येईल तो हवेतल्या चेंडूवर चांगला आहे, हेडरला कुणाला ऐकत नाही, पण वळताना त्याला वेळ लागतो. आणि समोरच्यांचा उजवा विंगर नेमका आत कट मारणारा. मी झोपायला आडवी झाले की तो विंगर डोळ्यांपुढे आत वळतो आणि पोरगा अर्धा वळलेला असतो. त्याच्या पुढचं बघायचं नाही म्हणून मी कूस बदलते.

आशाही आहे, आणि तीही तितकीच बारीक आहे. समोरच्यांचा गोलकीपर रेषेवर मांजरासारखा चपळ, पण कॉर्नरला पुढे येत नाही. सहा यार्डांच्या चौकोनात चेंडू पडला तरी तो रेषा सोडत नाही. आमचा लेफ्ट हाफ डाव्या पायाने उजव्या बाजूचा कॉर्नर आत वळवून टाकतो, तो बरोबर त्या चौकोनात येतो. परवा दादा मित्राशी फोनवर अगदी हळू आवाजात बोलत होता. दाराशी उभी होते म्हणून कानावर आलं. त्याची चिंता हीच होती, की हा कॉर्नरला बाहेर का येत नाही. माझी सगळी आशा ज्या जागेवर आहे तिथेच त्याची भीती आहे. तुमच्या ‘बदल्याच्या आगी’त यातलं काही दिसत नाही.

ही भीती मनापुरती राहत नाही, शरीरातही उतरते. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी ते प्रमाण एरवीच्या २.६६ पट झालं होतं. २००८ साली हे एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच स्पर्धेतला जर्मनी-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना टायब्रेकरपर्यंत, म्हणजे निकालासाठी पेनल्टी मारण्यापर्यंत गेला होता. ज्यांनी टायब्रेकर स्टँडमध्ये उभं राहून पाहिलाय त्यांना ह्या आकड्याचं नवल वाटणार नाही. मी तर चेंडूकडे बघूच शकत नाही. आमच्या गोलकीपरच्या गुडघ्यांकडे बघते. ते कोणत्या बाजूला झुकतात त्यावरून काय झालं ते कळतं, आवाज नंतर येतो.

आता शब्दांबद्दल. सामन्याआधी बोललेले शब्द मैदानात कुठे जाऊन पोचतात, याचं भारतातलं सगळ्यात मोठं उदाहरण १९९७ च्या फेडरेशन कपाच्या उपांत्य सामन्याचं आहे. १३ जुलै, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, आणि गर्दी सव्वा लाखाहून अधिक. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी खेळाडू उभे करण्याची ‘डायमंड’ रचना आणली होती आणि तिची सगळीकडे चर्चा होती. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावं मोडून टिंगल केली. बायचुंग भुतियाला ‘चुंगचुंग’ म्हटलं, सॅमी ओमोलोला ‘ऑम्लेट’. वर्तमानपत्रांनी ते शब्द चवीने छापले. समोर प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी. त्यांना खेळाडूंना पेटवायला वेगळं काही करावंच लागलं नाही. ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकलं, त्यात भुतियाचे तीन गोल. अमल दत्त थोर प्रशिक्षक होते, त्यांची रचना काळाच्या पुढची होती असं मला आजही वाटतं. पण तो सामना आठवताना लोकांना आधी ती टोपणनावं आठवतात, आणि त्या रचनेत मधली फळी कशी उभी केली होती हे सांगणारा क्वचितच भेटतो.

तिथे निदान उत्तर मैदानात मिळालं. २०१८ मध्ये ब्वेनोस आयरेसला तेही झालं नाही. रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स, एकाच शहरातले दोन संघ, दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या कोपा लिबर्तादोरेस स्पर्धेच्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच समोरासमोर आले होते. पहिला सामना २-२. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी, २४ नोव्हेंबरला, मैदानाकडे येणाऱ्या बोकाच्या बसवर दगडफेक झाली, काचा फुटल्या, खेळाडू जखमी झाले. गच्च भरलेल्या स्टेडियममध्ये माणसं लेकरांना घेऊन तासन्‌तास बसून राहिली आणि सामना झालाच नाही. शेवटी तो ९ डिसेंबरला माद्रिदमध्ये खेळवावा लागला, समुद्रापलीकडे, सुमारे दहा हजार किलोमीटर लांब. जादा वेळेत रिव्हर ३-१ ने जिंकलं. ज्या पाठीराख्यांनी आयुष्यभर त्या संध्याकाळची वाट पाहिली असेल, त्यांच्या डोळ्यांदेखत घरच्या मैदानावरचा सामना निघून गेला. दगड मारणारे किती असतील? मूठभर. आणि आपल्याकडचा १६ ऑगस्ट १९८० विसरण्यासारखा नाही. ईडन गार्डन्सवर ह्याच दोन कोलकाता संघांचा लीगचा सामना होता. मैदानातली धुसफूस स्टँडमध्ये पोचली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण घरी परतले नाहीत. हे सगळं वर्तमानपत्रांनी केलं असं मी म्हणत नाही. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात रोज सकाळी ‘बदला’ हा शब्द ठेवला, की त्याची भीती रागाची वाट धरते. गर्दीत तर फार लवकर.

आणि वैर असूनही माणसं कशी वागतात, त्याच्या बातम्याही आहेत की. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर लिव्हरपूलचे पाठीराखे शोकात होते, तेव्हा त्यांच्या अॅनफिल्ड मैदानापासून शेजारच्या एव्हर्टनच्या गुडिसन पार्कपर्यंत लोकांनी मफलरला मफलर बांधून साखळी केली, लाल आणि निळे एकत्र. महिनाभराने हेच दोन संघ एफए कपाच्या अंतिम सामन्यात भिडले आणि लिव्हरपूल जादा वेळेत ३-२ ने जिंकलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरक्षेच्या कारणावरून ड्युरँड कपातला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना रद्द झाला, तेव्हा दोन्हीकडचे पाठीराखे स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीला न्याय मागायला. एकाच्या अंगात लाल-पिवळी जर्सी, दुसऱ्याच्या अंगात हिरवी-मरून, आणि एक दुसऱ्याच्या खांद्यावर, अशी छायाचित्रं तेव्हा देशभर गेली.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मिलानचं २००५ सालचं छायाचित्र. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत इंटर आणि एसी मिलान खेळत होते. इंटरचे पाठीराखे चिडून जळते फ्लेअर्स, म्हणजे धुराच्या नळकांड्या, टाकत होते, त्यातला एक मिलानचा गोलकीपर दिदा याच्या खांद्याला लागला आणि सामना अर्धवट सोडावा लागला. खेळ थांबला होता तेव्हा इंटरचा मातेरात्सी आणि मिलानचा रुई कोस्ता शेजारी उभे होते. मातेरात्सीचं कोपर रुई कोस्ताच्या खांद्यावर, दोघंही पाठमोरे, समोर नुसता लाल धूर. मातेरात्सीसारखा आडदांड बचावपटू त्या क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर रेलून काय होतंय ते बघत होता. सामन्यापूर्वी आमच्या घरात मी आणि दादा असेच असतो.

या दोन संघांचा दोन वर्षं आधीचा सामना मला बाद फेरीच्या भीतीचा अर्क वाटतो. २००३ ची उपांत्य फेरी. दोन्ही सामने एकाच सान सिरो मैदानावर, कारण ते दोघांचंही घर. पहिला ०-०, दुसरा १-१. तरीही मिलान पुढे गेलं, कारण दुसऱ्या सामन्याचे यजमान कागदोपत्री इंटर होते आणि मिलानच्या शेव्हचेन्कोचा गोल ‘बाहेरच्या मैदानावरचा’ धरला गेला; बरोबरी झाली की तेव्हा असा गोल भारी ठरायचा. आपल्याच मैदानात, एकही सामना न हरता, इंटर बाहेर. तो नियम युरोपीय स्पर्धांतून २०२१ मध्ये रद्द झाला. त्याही आधी तर बरोबरी सुटली नाही की नाणं उडवायचे. १९६८ च्या युरो उपांत्य सामन्यात इटली सोव्हिएत संघाविरुद्ध नाणेफेकीवरच पुढे गेली. त्यामानाने टायब्रेकर बरा म्हणायचा, निदान पाय तरी चेंडूला लागतो.

हे सगळं सांगण्याचं कारण, वाचकाला या गोष्टी हव्या असतात. आमचा सामना नव्वद मिनिटांत बरोबरीत सुटला तर पुढे काय? जादा वेळ आहे, की कोपा अमेरिकेत अंतिम सामना सोडून होतं तसं थेट टायब्रेकर? मी गेला आठवडाभर तुमचं पान उलटंसुलटं करून बघितलं, कुठे नाही. या एका गोष्टीवर सगळी आखणी ठरते. थेट टायब्रेकर असेल तर प्रशिक्षक शेवटच्या दहा मिनिटांत पेनल्टी मारणारा माणूस उतरवून ठेवील. जादा वेळ असेल तर दमलेल्या विंगरला आधीच बाहेर काढावं लागेल, आणि काही स्पर्धांत जादा वेळेत एक अधिकचा बदली खेळाडूही मिळतो. समोरच्यांचा तो आत कट मारणारा विंगर शंभराव्या मिनिटाला किती पळेल, यावर आमच्या स्टॉपर पोराचं भवितव्य आहे. मला हे वाचायचंय. दादालाही हेच वाचायचंय.

शेवटच्या शिट्टीपर्यंत काही खरं नसतं, हे तर माद्रिदच्या दोन संघांनी लिस्बनमध्ये दाखवलं. २०१४ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात अॅटलेटिको ३६ व्या मिनिटापासून पुढे होती. ९३ व्या मिनिटाला, कॉर्नरवर, रेआलच्या रामोसने हेडर मारून बरोबरी केली. जादा वेळ संपली तेव्हा रेआल ४-१ ने जिंकलं होतं. दादाचा संघ कॉर्नरला जीव मुठीत का धरतो आणि मी कॉर्नर मिळाला की उठून उभी का राहते, ते यावरून कळावं.

तेव्हा विनंती इतकीच. सामन्याच्या दिवशीच्या अंकात दोन्ही संघांचे संभाव्य अकरा, कार्डांमुळे बाहेर असलेल्यांची नावं आणि बरोबरी झाल्यास काय होणार ते स्पष्ट छापा. दोन्हीकडच्या प्रशिक्षकांना स्टॉपर, विंगर, कॉर्नर याबद्दल विचारा. ते बोलतील, कारण त्यांच्या डोक्यात सध्या तेच चाललंय. जुन्या मारामाऱ्यांची चौकट पुन्हा नको. पाठीराख्यांच्या प्रतिक्रिया घ्यायच्याच असतील तर ‘तुम्ही त्यांना कसं चिरडणार?’ असं विचारू नका, ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ असं विचारा. एकाच बाकावर दोन्हीकडच्या माणसांना बसवून विचारलंत तर आणखी बरं. मी यायला तयार आहे, आणि दादालाही घेऊन येईन.

आपली नियमित वाचक,
एक फुटबॉलप्रेमी