शुक्रवारी उत्तर देण्याआधी

प्रिय चिऊ,

काल फोन तू ठेवलास की बाबांनी, हे मला अजून नीट कळलेलं नाही. दोघंही दुसऱ्याचं नाव सांगता. ते जाऊ दे. "चित्रं खरी दिसावीत म्हणून आणखी चार वर्षं?" असं त्यांनी विचारायला नको होतं. पण नंतर रात्री उशिरापर्यंत तू पाठवलेली दोन्ही ऑफर लेटर्स तेच वाचत बसले होते. त्यांचा राग तुझ्या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या पीएच.डी.वर नाही. कशावर आहे ते तुलाही माहीत आहे, मलाही. मामाचं नाव या पत्रात काढायचं नाही, असं ठरवूनच मी लिहायला बसले आहे.

आधी कामाचं. युरोपातली जागा मारी क्युरी नेटवर्कमधली, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशांवर चालणाऱ्या पीएच.डी. योजनेतली. 36 महिन्यांचा पगार, रीतसर नोकरीचा करार, मधले काही महिने दुसऱ्या लॅबमध्ये नाहीतर कंपनीत. अमेरिकेतली पाच-सहा वर्षांची: आधी कोर्सेस, मग क्वालिफायर ही पात्रता परीक्षा, जोडीला शिकवणं. ताई म्हणते, नाव मोठं ते घे. मी म्हणते, गाईड बघ. नावाजलेला गाईड विद्यार्थ्यांना आठवड्याला भेटतो की सहा महिन्यांनी, हे त्याच्या वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना मेल कर. किती वर्षांत संपलं, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागलं, काम अडलं तेव्हा कोणाला सांगता आलं. हे शेवटचं जरा खोदून विचार. आणि नेटवर्कचा तो नियम आहे ना, भरतीच्या आधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही, त्यात तुझे मास्टर्सचे महिने कसे बसतात ते मोजून त्यांना आत्ताच लिहून विचार. रुजू व्हायच्या वेळी अडायला नको.

तू म्हणालीस, "आई, तुला यातलं काय कळतंय?" थोडंफार कळतं गं. कॉम्प्युटरच्या चित्रातला उजेड कसा मोजायचा, त्यावरचा कजियांचा 1986 चा पेपर मी काढून वाचला. एखाद्या बिंदूतून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे तो बिंदू स्वतः देतो तेवढा, अधिक चहूबाजूंनी त्याच्यावर पडून आपल्या दिशेला वळतो तेवढा. आणि हा पडणारा प्रकाशही दुसऱ्या कुठल्या बिंदूवरून तसाच आलेला, म्हणजे जे शोधायचं तेच समीकरणाच्या दोन्ही बाजूंना! शेवटच्या भागात माझी दमछाक झाली, पण चंद्रशेखरांचं 1950 चं रेडिएटिव्ह ट्रान्सफरचं पुस्तक आम्ही एम.एस्सी.ला घोकलं होतं. ताऱ्याच्या वातावरणातून उजेड कसा झिरपतो त्याचं ते गणित. त्याच गणितावर तुम्ही धुकं, दूध आणि माणसाची त्वचा काढता, हे तुझ्याकडून कळलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत जाऊन बाबांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते चिडले.

शाळेतही जात नव्हतीस तेव्हाची गोष्ट. रिकाम्या पेल्याच्या तळाशी उजेडाची ती वाकडी, टोकदार रेघ पडायची, आणि तू पेला फिरवून फिरवून ती पुसायला बघायचीस. "उजेडाला कोण वाकवतं?" मी घाईत होते, काहीतरी थातुरमातुर सांगितलं असणार. मागच्या सुट्टीत तूच मला समजावलंस की ती रेघ काढणं किती किचकट आहे. कॉम्प्युटर चित्र काढताना किरण उलटे, कॅमेऱ्याकडून सोडतो, आणि असा किरण पेल्याच्या चकचकीत भिंतीवर आपटून नेमका लहानशा दिव्याला जाऊन लागणं फार क्वचित घडतं. म्हणून जेन्सननी 1996 मध्ये उलट दिशेने, दिव्याकडूनच फोटॉन सोडून त्यांची नोंद ठेवायची पद्धत काढली. किती सरळ सांगितलंस! मी इतकी वर्षं शिकवलं, मला असं जमलं नसतं.

आता जरा ऐक. चित्रातला नॉइज, म्हणजे ते दाणे दाणे, अर्धा करायला सॅम्पल, म्हणजे सोडायचे किरण, चौपट लागतात, दहावा हिस्सा करायचा तर शंभरपट. मोठ्या परिषदेला पेपर पाठवायची तुमची डेडलाइन जानेवारीत असते, तेव्हा लॅबमधले सगळे रात्ररात्र जागतात, हेही तूच सांगितलं आहेस. मशीनला रात्रभर चालू दे, तू झोप. चौथ्या महिन्यात निकाल आले नाहीत तर चौथ्याच महिन्यात सांगायचं, चौदाव्यात नाही. आणि गप्प बसायचं नाही. तू सायकलवरून पडलीस तेव्हा उकाड्यात लांब बाह्यांचे कपडे घालून हिंडत होतीस, आठवतं?

पुन्हा भाषण झालं. राग मानू नकोस.

बाबांची दुसरी शंका खरं तर रास्त आहे. 2020 नंतर फोटोंवरून अख्खं दृश्य शिकणारी न्यूरल नेटवर्क्स आली, मग तुझे किरण कशाला, असं ते म्हणतात. तू मला दिलेलं उत्तर त्यांनाही दे: चित्र छान दिसणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. न बांधलेल्या इमारतीत दुपारी उजेड किती येईल किंवा गाडीचा रंग उन्हात कसा दिसेल, इथे नुसतं छान दिसून भागत नाही. त्यांना पटेल. मी मात्र तुमच्याच विषयातल्या एरिक वीचचं उदाहरण देऊन फसले. 1997 चा थिसिस, तुम्ही लोक अजून उघडता, आणि ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार त्याला 2014 मध्ये मिळाला, असं कौतुकाने सांगितलं. तर म्हणतात, "म्हणजे सतरा वर्षं!"

मला वेगळंच विचारायचं आहे. इतक्या वेगाने बदलणाऱ्या विषयात दुसऱ्या वर्षी तुझीच कल्पना दुसऱ्या कोणी छापली तर? गाईडला हे मुलाखतीतच विचारता येतं, त्यात कमीपणा नाही. पण त्या दिवशी तू आम्हाला फोन करशील का? मामा प्रत्येक फोनवर "लिहितोय, लिहितोय" म्हणायचा. थिसिस कधीच थांबला होता. आजीला ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. हुशारीत तो तुझ्यासारखाच होता, म्हणून तर...

काढलंच बघ नाव.

तुझी निवड तुझी आहे. मला विचारशील तर लहान गट, तीन वर्षं, आणि ज्या बाईंनी तुझ्या चार ओळींच्या मेलला दोन पानी उत्तर लिहिलं त्या. पण हे ताईला सांगू नकोस. शुक्रवारी जे कळवशील ते बाबांना तू स्वतः सांग, माझ्या तोंडून नको.

तुझी,
आई

ता. क. जुन्या विद्यार्थ्यांना मेल करशील तेव्हा पदवी घेतलेल्यांनाच करू नकोस. मधेच सोडून गेलेलं कोणी असेल तर त्यांना आधी शोध.